दिवस काढायला जागा

पोल्लाची सोडली की आळियार धरणाच्या कडेने रस्ता चढू लागतो आणि ४० अवघड वळणे घेऊन वालपराईच्या पठारावर येतो. तमिळनाडूच्या कोइमतूर जिल्ह्यातले, अनमलई डोंगरांतले हे पठार. वर आलेला प्रवासी गाडीतून उतरतो, नजर पोहोचेल तिथवर पसरलेले चहाचे मळे पाहतो आणि निसर्गाची तारीफ करतो. हत्तीसाठी मात्र हा सगळा मुलूख जवळजवळ उजाड आहे. चहाची पाने तो खात नाही. माणसाच्या कमरेएवढ्या छाटलेल्या झुडपांत तीन-चार टनांच्या जनावराला आडोसा मिळत नाही. मधूनमधून उभ्या असलेल्या सिल्व्हर ओकच्या झाडांची सावली एका पिल्लालाही पुरत नाही. जमीन उजाड झाली म्हणजे ती तांबडी आणि ओसाडच दिसली पाहिजे असे नाही. हिरवीगार दिसणारी जमीनही उजाड असू शकते. हे ध्यानात घेतल्याशिवाय हत्ती आणि माणूस यांच्यातल्या झगड्याचा उलगडा होत नाही.

१८९०च्या दशकात ब्रिटिश मळेवाल्यांनी इथल्या सदाहरित जंगलावर कुऱ्हाड चालवली. कॉफी आली, चहा आला, ओढ्याकाठच्या सावलीत वेलदोडा आला, आणि चहाच्या कारखान्यांच्या भट्ट्यांना सरपण हवे म्हणून निलगिरी आली. १८६३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशननेही याच डोंगरांत मळे उभे केले. सुमारे २२० चौरस किलोमीटरच्या या पठारावर मूळ जंगलाचे ४०हून अधिक तुकडे तेवढे उरले, कुठे एखाद्या एकराचे, कुठे काही शे एकरांचे. पठाराला वेढून मात्र मोठी जंगले आहेत. तमिळनाडूच्या बाजूला अनमलई व्याघ्र प्रकल्प, केरळच्या बाजूला परंबिकुलम आणि वाझचाल. एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जाणारी हत्तींची वाट पठारावरूनच जाते. कळपातल्या थोरल्या माद्या ज्या वाटा आईच्या मागे चालत शिकल्या, त्याच वाटांनी त्या आज आपल्या पिल्लांना नेतात. मधल्या काळात तिथे चहा लागला, कारखाना झाला, मजुरांच्या चाळी उठल्या, तरी वाट बदललेली नाही. वर्षभरात शंभरेक हत्ती पठारावर येऊन जातात. माणसे आहेत सत्तर हजारांच्या आसपास, आणि त्यांतली बहुतेक मळ्यांवर राबणारी.

नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन या म्हैसूरच्या संस्थेचे एम. आनंद कुमार यांनी २००२ पासून या हत्तींचा माग काढला. हत्ती कुठे दिसले एवढ्यावर ते थांबले नाहीत. दिवसा कुठे होते, रात्री कुठे गेले, कोणत्या ऋतूत कोणत्या झाडोऱ्यात राहिले याची वर्षानुवर्षे नोंद ठेवली. त्यातून दिसले ते असे. हत्तींचा ओढा नदीकाठच्या झाडीकडे आणि जंगलाच्या उरलेल्या तुकड्यांकडे आहे. नडू आर आणि शोलयार या नद्यांच्या काठाने जिथे झाडीचा पट्टा टिकून आहे, तिथे ते दिवस काढतात. चहातून ते प्रामुख्याने अंधार पडल्यावर, वाट कापण्यासाठी जातात. निलगिरीच्या राईतही ते दिवसा थांबतात. खायला तिथे फारसे काही मिळत नाही, पण आडोसा मिळतो. त्यामुळे सरपणासाठी निलगिरीचा अख्खा पट्टा एका हंगामात तोडला, की हत्तींचे दिवसाचे ठिकाण गेलेच म्हणून समजायचे.

दिवसाच्या या ठिकाणाला इतके महत्त्व का? हत्ती दिवसाकाठी दीडशे किलोच्या आसपास चारा खातो आणि शंभराहून अधिक लिटर पाणी पितो. दिवसाचे चौदा-पंधरा तास त्याचे तोंड चालूच असते. अंगभर घाम सुटून शरीर निवावे अशी सोय त्याच्याकडे नाही. कान हलवायचे, अंगावर चिखल-पाणी घ्यायचे आणि सावलीत उभे राहायचे, एवढेच उपाय. भर दुपारी सावली, पाणी, चारा आणि माणसांपासून आडोसा या चारही गोष्टी एका जागी मिळाल्या, तर कळप तिथे शांत राहतो. त्या मिळाल्या नाहीत की पुढचा क्रम ठरलेला आहे. कळप एखाद्या उघड्या ओहोळात अडकून पडतो. सकाळी कुणीतरी पाहतो आणि दुपारपर्यंत रस्त्यावर गर्दी जमते. आरडाओरडा होतो, दगड भिरकावले जातात, फटाके लागतात. कळप बिथरून दोन दिशांना फुटतो आणि पिल्लू एकीकडे, आई दुसरीकडे होते. संध्याकाळी हेच हत्ती वाट शोधत वस्तीच्या कडेने निघतात, आणि त्याच वेळी मजूर कामावरून किंवा बाजारातून पायी घरी परतत असतात.

वालपराईत १९९४ पासूनच्या दोन दशकांत चाळीसच्या आसपास माणसे हत्तींमुळे दगावली. ही प्रकरणे एकेक करून तपासली तेव्हा दिसले की बहुतेकांना हत्ती जवळपास आहे याचा पत्ताच नव्हता. अंधारात, वळणावर, बसमधून उतरून घराकडे जाणाऱ्या पायवाटेवर अचानक समोरासमोर गाठ पडली. हत्ती माणसाच्या मागावर नव्हता. माणूसही हत्तीची खोडी काढायला गेला नव्हता. दोघांच्या वाटा एकाच वेळी एकाच जागी आल्या, कारण दोघांनाही तेवढीच जागा उरली होती.

जंगल पुन्हा उभे करण्याचे काम याच संस्थेच्या दिव्या मुडप्पा आणि टी. आर. शंकर रामन यांनी २०००च्या सुमारास हाती घेतले. हे तुकडे बहुतांशी चहा-कॉफी कंपन्यांच्या मालकीच्या जमिनीवर होते. म्हणून पहिली पायरी रोपांची नव्हतीच, ती बोलणी करण्याची होती. पॅरी ॲग्रो, टाटा कॉफी यांसारख्या कंपन्यांनी आपल्या हद्दीतले तुकडे राखायला आणि तिथे झाडे लावू द्यायला मान्यता दिली. ज्या जमिनीवर चहा तग धरत नाही, वेलदोडा मोडीत निघाला आहे किंवा सरपणासाठी सारखी तोड झाली आहे, अशा जागा निवडल्या गेल्या.

आता प्रत्यक्ष काम कसे चालते ते पाहू, कारण वृक्षारोपण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर रांगेत खणलेले खड्डे आणि मंत्र्यांच्या हातातली झारी येते. इथे सुरुवात बियांपासून होते. सदाहरित जंगलातल्या पुष्कळ झाडांच्या बिया साठवून ठेवता येत नाहीत. त्या वाळल्या की मेल्या. पडल्यावर थोड्याच दिवसांत मातीत जाव्या लागतात. त्यामुळे वर्षभर कोणत्या झाडाला कधी फळ येते यावर नजर ठेवावी लागते. बिया जंगलाच्या आतून ओरबाडत नाहीत. रस्त्याच्या कडेला, डांबरावर पडलेल्या, जिथे त्या रुजण्याची शक्यता नाही अशाच उचलतात. रोपवाटिकेत शंभराहून अधिक स्थानिक जाती वाढवल्या जातात. नागकेशर आहे, धूप आहे, जांभळाच्या आणि रुद्राक्षाच्या कुळातली झाडे आहेत, आणि कुलेनिया आहे. कुलेनियाचे लहान काटेरी फळ फांदीलाच चिकटून धरते आणि सिंहपुच्छ माकडे ते मोठ्या आवडीने खातात. ही झाडे हळू वाढतात. पिशवीतले रोप लावण्याजोगे व्हायलाच वर्ष-दोन वर्षे जातात.

पावसाआधी जागेची साफसफाई होते. घाणेरी, रानमोडी आणि झाडांवर चढून त्यांचा गळा आवळणाऱ्या वेली काढायच्या असतात, पण सरसकट कोयता चालवायचा नसतो. त्या गचपणातच एखादे नागकेशरचे वीतभर रोप आपले आपण आलेले असते. ते ओळखून, त्याच्याजवळ काठी रोवून, ते वाचवावे लागते. हे काम यंत्राने होत नाही. पान पाहून झाड ओळखणारी माणसे लागतात, आणि वालपराईत ती तिथल्याच लोकांतून तयार झाली. जूनमध्ये पाऊस लागला की रोपे मिसळून लावतात. उंच वाढणारे, सावलीत राहणारे, लवकर वाढणारे, सावकाश वाढणारे अशी सगळी एकमेकांच्या शेजारी असतात. मग पुढची दोन-तीन वर्षे तण काढत राहायचे. लावलेली सगळी रोपे जगत नाहीत. काही उन्हाने जातात, काही सांबर खाते, काही हत्तीच तुडवतो. सात ते पंधरा वर्षे झालेल्या अशा जागांची तुलना, तशाच सोडून दिलेल्या शेजारच्या जागांशी केली गेली आहे. हात लावलेल्या जागी झाडांची छत्री दाट झाली, जातींची संख्या वाढली आणि कार्बनही जास्त साठला. नुसती सोडून दिलेली जमीन आपोआप सावरते हा समज घाणेरीने भरलेल्या जमिनीला तरी लागू पडत नाही.

इथे एक अवघड प्रश्न आहे आणि त्याला बगल देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वस्तीजवळ जंगल वाढवले तर हत्तीही वस्तीजवळ थांबणार. चाळीत राहणाऱ्या बाईला हे चांगले कसे वाटावे? वालपराईत याचे उत्तर रोपवाटिकेबाहेर शोधले गेले. हत्ती कुठे आहेत याची माहिती दुपारनंतर गोळा करायची आणि अंधार पडायच्या आत घरोघर पोहोचवायची. आधी स्थानिक केबल वाहिनीवर खालच्या पट्टीत ओळ सरकू लागली. २०११ पासून परिसरातल्या लोकांच्या मोबाइलवर तमिळ आणि इंग्रजीत संदेश जाऊ लागले. मोक्याच्या उंच जागी लाल दिवे लावले गेले. हे दिवे मोबाइलवरून चालू-बंद होतात. जवळपास हत्ती असला की दिवा लागतो आणि लांबूनच दिसतो. बसमधून उतरणाऱ्याला कळते की आज पायवाटेने जायचे नाही. सर्वात मोलाची गोष्ट अशी की पुढे हे दिवे लावण्याचे काम वस्तीतलेच लोक करू लागले. मृत्यूंचे प्रमाण घटले, आणि २०१५ साली आनंद कुमार यांना या कामासाठी व्हिटली पुरस्कार मिळाला. झाडी आणि दिवा या दोन्ही गोष्टी एकत्र लागतात. झाडीमुळे हत्तीला दिवसा उघड्यावर यावे लागत नाही आणि दिव्यामुळे माणूस रात्री आंधळेपणाने चालत नाही.

वालपराईहून उत्तरेला निलगिरी डोंगरांच्या पायथ्याच्या कोरड्या जंगलांत दुखणे वेगळे आहे. तिथे झाडे आहेत, पण झाडांखालचे गवत गेले आहे आणि त्या जागी घाणेरी आहे. दक्षिण अमेरिकेतली ही झुडपे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेसाठी म्हणून कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आणली गेली. रंगीबेरंगी फुलांचे ते गुच्छ आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. आज देशातल्या वाघांच्या जंगलांपैकी सुमारे ४० टक्के क्षेत्रात घाणेरी घुसलेली आहे. तिच्या पानांत विषारी द्रव्ये असतात, त्यामुळे हत्ती, गवा, हरीण कुणीच ती आवडीने खात नाही. ती डोक्याच्या वर वाढते आणि तिची जाळी इतकी दाट होते की पाच-सहा पावलांवर उभा असलेला हत्ती दिसत नाही. जंगलात मध किंवा सरपण आणायला गेलेल्या आदिवासीच्या जिवावर बेतते ते याच कारणाने. एकाच झुडपाने हत्तीचा चारा हिरावला आणि माणसाची नजर झाकली.

घाणेरी वरून तोडली तर दुप्पट जोमाने फुटते. दिल्ली विद्यापीठाचे सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेटच्या परिसरात काम करून एक साधी रीत बसवली. जमिनीच्या किंचित खाली, जिथून नवे फुटवे येतात त्या गाठीच्या खालून मूळ तोडायचे, झुडूप उपटून उलटे करायचे, मुळे आकाशाकडे करून वाळू द्यायचे. सगळी जमीन खणायची गरज नाही. पण काम इथे संपत नाही. घाणेरीची फळे पक्षी खातात आणि झाडांवर बसून बिया टाकतात, म्हणून पुढची दोन-तीन वर्षे मोठ्या झाडांखाली उगवणारी रोपे वेचत राहावे लागते. मोकळ्या झालेल्या जागेत लगेच स्थानिक गवत पेरले नाही तर वर्षभरात पुन्हा घाणेरीच.

इतके झुडूप काढले तर त्याचे करायचे काय? निलगिरी डोंगरांच्या परिसरातल्या बेट्टा कुरुंबा, पणिया, काट्टुनायकन आणि सोलिगा कारागिरांनी याचे जे उत्तर दिले ते मला फार मोलाचे वाटते. घाणेरीच्या काठ्या उकळून, साल काढून, लोखंडी सांगाड्यावर वाकवून ते खऱ्या आकाराचे हत्ती बनवतात. हे हत्ती कल्पनेतले नाहीत. ज्या हत्तींना हे लोक नावानिशी ओळखतात, त्यांच्या अंगलटीवरून ते घडवले जातात. सुळ्याचा बाक, पाठीचा उतार, कानाची फाटलेली कडा यांवरून माणसे त्यांना ओळखतात. २०२१ मध्ये असा कळप लंडनच्या बागांत उभा राहिला आणि २०२४ पासून अमेरिकेत फिरला. जंगल साफ होते आणि कारागिराच्या घरी मजुरीचे पैसे येतात. हत्तीच्या शेजारी राहण्याची सगळी किंमत ज्याने आजवर चुकवली, त्याच्या हाती पहिल्यांदा काही पडते.

आपल्याकडे हत्तीचा विषय निघाला की एक सूचना हमखास येते: जंगलात केळी, बांबू, फणस लावा, म्हणजे हत्ती बाहेर येणार नाहीत. सूचना कळकळीची असते, पण ती पुरेशी नाही. रामन सुकुमार यांनी १९८०च्या दशकात दक्षिणेतल्या हत्तींचा अभ्यास केला, तेव्हा आढळले की नाचणी-भातासारख्या पिकांत रानगवतापेक्षा प्रथिने, कॅल्शियम आणि सोडियम जास्त असते, आणि पिकावर येण्यात नर हत्ती माद्यांच्या बरेच पुढे असतात. जंगलात चारा भरपूर असला तरी धाडसी नर पोटरीला आलेल्या भातावर येऊ शकतो. म्हणून जमीन सावरण्याचा हेतू हत्तीला आमिष दाखवून डांबून ठेवण्याचा असू नये. कळपांना दिवस काढायला जागा मिळावी, एका जंगलातून दुसऱ्यात जाण्याची वाट तुटू नये, आणि त्यामुळे माणसाशी गाठ पडण्याचे प्रसंग कमी व्हावेत, इतकाच हेतू ठेवला तर पदरी निराशा येत नाही. पिकाच्या राखणीसाठी कुंपण, राखणदार आणि वेळेवर मिळणारी भरपाई हे सगळे लागणारच.

देशात आज किती हत्ती आहेत? विष्ठेतल्या डीएनएवरून केलेल्या आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २२,४४६, आणि त्यांतले जवळपास निम्मे पश्चिम घाटात. महाराष्ट्राच्या वाट्याला ६३. संख्या लहान आहे, पण ज्याचा माड आडवा झाला त्याला संख्येशी काय देणेघेणे? सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात कर्नाटकातून हत्ती आले ते २००२ मध्ये. पुढे ते चंदगड-आजऱ्यापर्यंत पोहोचले. २०२१ मध्ये छत्तीसगडमधून एक कळप गडचिरोलीत उतरला. सिंधुदुर्गात माड, पोफळी, केळी, काजू, भात असे काहीच सुटले नाही. २०१५ मध्ये माणगाव खोऱ्यात तीन हत्ती पकडले गेले, तरी तिलारीच्या खोऱ्यात हत्ती आहेतच. २०२५च्या एप्रिलमध्ये मोर्ले गावात सकाळी बागेकडे निघालेले एक वृद्ध शेतकरी हत्तीच्या हल्ल्यात गेले. ज्या घरातले माणूस गेले, त्या घराला सहजीवनाचा उपदेश करण्याचा अधिकार कुणालाच नाही.

तरीही वालपराईकडे पाहिल्यावर सिंधुदुर्गाबद्दल एक गोष्ट ठळकपणे दिसते. दोन्हीकडे हत्तीची वाट खासगी जमिनीतून जाते. सिंधुदुर्गातले बरेचसे रान मालकीचे आहे. २०२० मध्ये तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झाले, पण ते ३० चौरस किलोमीटरही भरत नाही. बाकीचा मुलूख सातबाऱ्यावरच्या नावांचा आहे, आणि तिथे रान तुटून रबर आणि अननस उभे राहत आहेत. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीला मनाई केली. मनाई आवश्यक होतीच. पण नुसत्या मनाईने रान राखणाऱ्याच्या घरात चूल पेटत नाही. जो मालक ओढ्याकाठची झाडी राखतो, त्याला त्याबद्दल वर्षाला ठरलेले पैसे सरकारने द्यायला हवेत, पंचनाम्याची वाट न पाहता. रबराच्या उत्पन्नाशी तुलना होईल इतके ते असावेत. वालपराईत मोजक्या कंपन्यांशी बोलून काम झाले. इथे शेकडो घरांशी बोलावे लागेल. ते अवघड आहे, पण अशक्य नाही, कारण देवराई राखण्याची रीत याच गावांची आहे.

तिलारी, आजरा, चंदगड या पट्ट्यातल्या ग्रामपंचायतींना म्हणूनच एक विनंती आहे. प्रत्येक पंचायतीकडे लोकजैवविविधता नोंदवही असते. येत्या पावसाआधी गावातल्या जाणत्या माणसांना, गुराख्यांना आणि काजू वेचणाऱ्या बायकांना बरोबर घेऊन हत्ती कोणत्या वाटेने येतात, दिवसा कुठे थांबतात आणि कोणत्या ओढ्याचा काठ अलीकडे बोडका झाला, हे त्या नोंदवहीत नकाशासह लिहा. ती यादी वनखात्याकडे पाठवा आणि बोडक्या काठांसाठी स्थानिक झाडांच्या रोपवाटिकेची मागणी त्याच पत्रात करा.